घरच्या बिअरमध्ये संत्र्या-लिंबाची साल: साबणाचा वास आणि कडवटपणा टाळायचा कसा

पहिल्यांदा घरी विट, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, किंवा दुसरी कुठलीही गव्हाची बिअर करणाऱ्या माणसाची इच्छा साधी असते, ग्लास नाकाशी नेला की संत्र्याचा ताजा वास यावा. आणि बऱ्याच वेळा येतो तो भांडी घासायच्या साबणाचा वास, नाहीतर घोट गिळल्यावर जिभेच्या मागे चिकटून बसणारा कडवटपणा. मग यीस्टला दोष दिला जातो, पाण्याला दोष दिला जातो, पण सालीकडे कोणी बघत नाही. साल कोणत्या फळाची, किती खोल काढली, किती टाकली आणि कधी टाकली, या चार गोष्टींतच बहुतेक सगळी गडबड असते.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सालीत आंबटपणा नसतो. आंबट असतो तो रस, त्यातल्या सायट्रिक ॲसिडमुळे. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या तेलातून मिळतो तो फक्त वास. आता होतं काय, नवीन माणूस दोन लिंबांची साल टाकतो, चव घेतो, आणि त्याला वाटतं लिंबू लागतच नाहीये, कारण त्याची जीभ आंबट शोधत असते जे सालीत मुळातच नाही, म्हणून तो अजून चार लिंबांची साल टाकतो, आणि बिअर आंबट तर होत नाहीच पण तेल मात्र तिप्पट होतं. साबणाचा वास येतो तो इथून. वास हवा असेल तर साल, आंबटपणा हवा असेल तर ॲसिड, ही दोन कामं वेगळी ठेवली की अर्धं काम झालं.

हे सगळं मी परदेशात राहणाऱ्या, म्हणजे जिथे घरी बिअर करायला परवानगी आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. अमेरिकेत १९७८ साली कायद्यावर सही झाली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करणं केंद्राच्या पातळीवर कायदेशीर झालं, एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, मिसिसिपी आणि अलाबामाने तर २०१३ मध्ये परवानगी दिली, तेव्हा आपल्या राज्याचं बघून घ्या. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लोकांनी हा लेख वाचून घरात पातेलं चढवू नये. तिकडे मायक्रोब्रुअरीत जाऊन बेल्जियन विट मागवा आणि साल कुठली, धणे कुठले हे नाकाने वेगळं करायला शिका, तोही चांगला अभ्यास आहे.

उदाहरण म्हणून मी सगळीकडे विट घेतेय कारण सालीची बिअर म्हटलं की तीच. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बिअर शेकडो वर्षं व्हायची, १९५० च्या दशकात तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली, नंतर हाच माणूस अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिनला जाऊन तिथेही विट करायला लागला. गहू, कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे. बास. मसाले इतके कमी की पिणाऱ्याला नाव घेऊन सांगता येऊ नये, पण नसले तर चुकल्यासारखं वाटावं. प्रमाण ठरवताना हे लक्षात ठेवा.

पायरी पहिली: आधी चहा करा

बिअरला हात लावायच्या आधी हे करा, दहा मिनिटं लागतात. एक संत्रं घ्या. त्याची वरची केशरी साल बारीक किसणीने एका कपात किसा. मग आतला पांढरा भाग सुरीने खरवडून दुसऱ्या कपात टाका. दोन्हीवर गरम पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दोन्हीत अर्धा-अर्धा चमचा साखर घाला आणि प्या. पहिल्या कपात वास आहे आणि थोडासा तिखटपणा, दुसऱ्यात वास जवळपास नाही पण जिभेच्या कडा ओढल्या जातात आणि कडू लागतं. असंच लिंबाचं करून बघा, ग्रेपफ्रूटचं करून बघा. ग्रेपफ्रूटचा पांढरा भाग तर भयंकर कडू असतो कारण त्यात नारिंजिन नावाचं कडू द्रव्य भरपूर असतं. ही चव एकदा जिभेला कळली की बाटलीत ती आली तर तुम्ही लगेच ओळखाल, आणि कितीही वाचलं तरी ते वाचून येत नाही.

कडवटपणा लगेच दिसतोच असं नाही. मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडू होतो हे आपल्या प्रत्येक घरात माहिती आहे, त्यामागचं कारण असं, आतल्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं जे सुरुवातीला कडू नसतं, आंबट रसाच्या संपर्कात आलं की हळूहळू कडू होत जातं. बिअरचा पीएच साडेचारच्या आसपास किंवा त्याखाली असतो, म्हणजे बऱ्यापैकी आंबट. त्यामुळे बाटलीत भरायच्या दिवशी ठीक लागलेली बिअर तीन आठवड्यांनी कडू लागू शकते. नवीन लोकांना याचंच कोडं पडतं, की भरताना तर मस्त होती.

फळ कोणतं आणि धुवायचं कसं

वाणसामानाच्या दुकानातली संत्री-लिंबं चमकतात कारण त्यांना मेण लावलेलं असतं, आणि वर बुरशी येऊ नये म्हणून बुरशीनाशकही असतं, इमॅझॅलिल हे त्यातलं नेहमीचं. युरोपात तर पेटीवर हे लिहावंच लागतं. रस काढायचा तर फारसा फरक पडत नाही पण आपण नेमकी सालच वापरणार आहोत. म्हणून शक्य असेल तर ऑरगॅनिक आणि मेण न लावलेली घ्या, नाहीतर ओळखीच्यांच्या अंगणातली, कॅलिफोर्नियात राहत असाल तर कोणाच्या ना कोणाच्या परसात मेयर लेमनचं झाड असतंच. फळ गरम पाण्यात, म्हणजे हात घालता येईल इतक्या गरम, अर्धा मिनिट ठेवा, भाजी धुवायच्या ब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा. ओल्या सालीवर किसणी घसरते आणि घसरली की खोल जाते.

नेव्हल संत्रं नवीन माणसासाठी सगळ्यात सोपं, साल जाड आणि घट्ट असते, किसणी नीट चालते. मँडरिन किंवा आपल्या नागपुरी संत्र्यासारखं सैल सालीचं फळ असेल तर ते फळावर असताना किसायला जाऊ नका, साल खाली दबते आणि फाटते. ती सोलून घ्या, पालथी टाका, चमच्याने आतलं पांढरं खरवडा आणि मग कात्रीने बारीक करा. वास अप्रतिम असतो पण कष्ट आहेत. लाइम म्हणजे हिरवं लिंबू जपून वापरायचं, त्याची साल पातळ असते आणि पांढरा भाग लगेच लागतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस पहिल्या दोन-तीन बॅचमध्ये घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करायच्या सामानाच्या, दुकानात वाळवलेली साल मिळते, गोड संत्र्याची आणि कडू संत्र्याची. पाकीट फोडलं की आधी वास घ्या. संत्र्याचा, किंचित चहासारखा वास आला तर चांगली, पुठ्ठ्यासारखा किंवा औषधी वास आला तर तेल शिळं झालंय आणि ते उकळून ताजं होणार नाही, टाकून द्या. तीन डॉलरच्या पाकिटासाठी २० लिटर बिअर धोक्यात घालू नये.

साल काढणं

बारीक दातांची लांब किसणी मिळते ती घ्या, चीज किसायची जाड नको. किसणी फळावरून एकदाच फिरवायची, फळ थोडं वळवायचं, पुन्हा एकदा. त्याच जागेवर दुसऱ्यांदा नाही. रंग केशरी आहे तोवर ठीक, फिकट दिसायला लागलं की थांबा, पांढरं दिसलं म्हणजे उशीर झाला. बटाट्याच्या सोलाण्याने पट्ट्या काढल्या तरी चालतात, उलट पट्ट्या नंतर बाहेर काढायला सोप्या, पण पट्टीच्या मागे पांढरं येतंच, ते धारदार सुरी आडवी धरून काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, तरी करा, कडवटपणाचा प्रश्न इथेच सुटतो आणि नंतर कुठेच सुटत नाही.

साल आयत्या वेळी काढायची. सकाळी किसून वाटीत ठेवली आणि संध्याकाळी टाकली असं नको. संत्र्याच्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डी-लिमोनीन असतो आणि त्याला हवा लागली की ते बदलायला लागतं, त्यातून पुदिन्यासारखा, पाइनच्या लाकडासारखा, शिळा वास येणारे पदार्थ तयार होतात. बारीक किसलेल्या सालीला हवा सगळीकडून लागते.

किती टाकायची

मोजा. दोन संत्र्यांची साल, तीन लिंबांची साल असं लिहून ठेवू नका, फळं लहान-मोठी असतात, हात हलका-जड असतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरेसा आहे. २० लिटरला मी हे आकडे सुचवेन: गोड संत्र्याची ताजी किसलेली साल २० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठी नेव्हल. लिंबाची, म्हणजे पिवळ्या लेमनची, असेल तर १० ग्रॅम. लाइमची ५ ग्रॅम. वाळवलेली कडू संत्र्याची १० ते १५ ग्रॅम. हे कमी वाटेल, कमीच ठेवलंय मुद्दाम, कारण वाढवायचा मार्ग पुढे सांगतेय आणि कमी करायचा मार्ग जवळपास नाही. दोन-तीन प्रकारच्या साली एकत्र करायच्या असतील तर बेरीज वाढवायची नाही, तेवढ्यातच वाटून घ्यायचं.

तेल जास्त झालं की अजून एक गोष्ट होते, फेस बसतो. विटला दाट पांढरा फेस हवा, त्यासाठीच तर गहू आणि ओट्स घालतो आपण, आणि वर तेलाचा थर आला तर तो फेस मिनिटभरात गायब. साबणाचा वास आणि मेलेला फेस दोन्ही एकत्र दिसलं तर प्रमाण जास्त झालं हे जवळपास नक्की.

कधी टाकायची

जुन्या रेसिपींमध्ये साल १५ मिनिटं उकळा, कधी कधी तर ३० मिनिटं उकळा असं लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही, निदान ताज्या सालीसाठी तरी अजिबात नाही. उकळत्या वर्टमधून, म्हणजे यीस्ट घालायच्या आधीच्या धान्याच्या गोड पाण्यातून, वाफेबरोबर सालीचं तेल उडून जातं, तुमचं स्वयंपाकघर छान दरवळतं पण तो वास आता बिअरमध्ये नाही, आणि तेवढ्याच वेळात पांढऱ्या भागातली कडू आणि तुरट द्रव्यं मात्र आरामात पाण्यात उतरतात, ती उडत नाहीत. म्हणजे जे हवं ते गेलं आणि जे नको ते राहिलं. वाळवलेली कडू साल जाड असते, तिला पाच मिनिटं उकळी दिली तर चालते, त्याहून जास्त नको.

ताजी साल टाकायची ती गॅस बंद केल्यावर. उकळी संपली, गॅस बंद केला, वर्ट ८० अंश सेल्सियसपर्यंत खाली येऊ द्या. आता साल पातळ जाळीच्या पिशवीत घालून, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) असते तीच, वर्टमध्ये सोडा, झाकण ठेवा, १० मिनिटांनी पिशवी उचला. या तापमानाला जंतूंची चिंता नाही, तेल उडत नाही आणि पांढरं थोडं राहिलंच असेल तरी त्याला वेळ मिळत नाही. पिशवी उचलताना पिळायची नाही! हात शिवशिवतात, मला माहितीये, इतकी महागाची साल वाया जातेय असं वाटतं, पण पिळल्यावर निघतो तो सगळा तुरटपणा. नुसती निथळू द्या. मग नेहमीसारखं थंड करून यीस्ट.

फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टचं आंबवणं, सुरू असताना साल घालायच्या फंदात पडू नका, पहिल्या तीन-चार दिवसांत कार्बन डायऑक्साइड इतका जोरात निघतो की वास त्याच्याबरोबर निघून जातो, एअरलॉकपाशी, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी, नाक नेलं तर कळेल किती गेला ते. आणि फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, साल आठवडा-दोन आठवडे विसरून राहिली की ओल्या गवतासारखी, भाजीच्या देठासारखी चव येते.

धण्यांबद्दल थोडं, कारण दोष पुष्कळदा त्यांचा असतो

विटमध्ये साबणाचा वास आला की सगळे सालीला धरतात पण अर्ध्या वेळा तो धण्यांचा असतो, जास्त झाले किंवा फार बारीक दळले तर धणे साबणासारखे लागतात, आणि जुने असतील तर सेलेरी किंवा हॅमसारखा खारट-मांसाळ वास येतो जो विटमध्ये ठरलेला दोष धरला जातो. आपल्याकडे फायदा असा की इंडियन स्टोअरमध्ये मिळणारे आपले लांबट धणे विटला उत्तम चालतात, त्यांना लिंबाकडे झुकणारा हलका वास असतो आणि खप जास्त असल्यामुळे ते ताजे मिळतात. २० लिटरला १० ते १५ ग्रॅम अख्खे धणे, खलबत्त्यात नुसते फुटतील इतके कुटा, एका दाण्याचे दोन-तीन तुकडे. मसाल्याला करतो तसे भाजायचे नाहीत, धणेपूड तर चुकूनही नाही. उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत टाका.

पहिल्या वेळी शक्य असेल तर दोन छोट्या बॅच करा, एकीत फक्त साल, दुसरीत फक्त धणे. कोण काय करतं ते समजतं.

आता खरं काम: व्होडकात भिजवून, ग्लासात मोजून

फर्मेंटेशन पूर्ण झालं, ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरवर मोजलेली बिअरची घनता, तीन दिवस एकाच आकड्यावर आहे, विट असेल तर १.०१० च्या आसपास. आता चाखा. वास पुरेसा असेल तर हा भाग सोडून द्या आणि बाटल्या भरा. कमी वाटत असेल तर फर्मेंटरचं झाकण उघडून मूठभर साल टाकायची नाही. त्यापेक्षा हे करा.

स्वच्छ काचेच्या बरणीत १०० मिली साधी व्होडका घ्या, त्यात दोन संत्र्यांची ताजी साल, पांढरं अजिबात नको कारण अल्कोहोल कडू द्रव्यं पाण्याहून भरभर ओढतं. झाकण लावून अंधारात एक ते दोन दिवस ठेवा, मध्ये मध्ये हलवा. २४ तासांनी एक थेंब पाण्यात टाकून चाखा, वास भरपूर असेल तर लगेच कॉफी फिल्टरमधून गाळा. आठवडाभर ठेवायची गरज नाही, तेल पहिल्या दिवसात येतं आणि नंतर येतो तो कडूपणा.

आता चार सारखे ग्लास, प्रत्येकात बरोबर १०० मिली बिअर. औषधाच्या दुकानात मिळणारी १ मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. पहिला ग्लास तसाच राहू द्या, दुसऱ्यात ०.१ मिली, तिसऱ्यात ०.२, चौथ्यात ०.४. ढवळा, वास घ्या, प्या, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी न सांगता द्या आणि कोणता आवडला विचारा. समजा ०.२ आवडला, तर २० लिटरला हिशोब सरळ आहे, १०० मिलीचे २०० ग्लास होतात, २०० गुणिले ०.२ म्हणजे ४० मिली. एवढ्या व्होडकाने बिअरचं अल्कोहोल ०.१ टक्क्याहूनही कमी वाढतं, ते विसरा. मात्र पूर्ण ४० घालू नका, ३० घाला. बिअर अजून सपाट आहे, बाटलीत गॅस आल्यावर प्रत्येक बुडबुडा वास वर घेऊन येतो आणि तोच डोस जास्त लागतो.

ही पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते कारण यात अंदाज नाही, बिअर खराब व्हायच्या आधी ग्लास खराब होतो आणि तो ओतून देता येतो.

आंबटपणाचंही असंच. चाखताना "अजून लिंबू हवं" असं वाटलं तर स्वतःला विचारा, नाकाला हवंय का जिभेला. जिभेला हवं असेल तर होमब्रूच्या दुकानातलं ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड घ्या, १ मिली ॲसिड ९ मिली पाण्यात मिसळा, आणि त्या पातळ केलेल्याचे ०.१, ०.२, ०.४ मिली असे डोस १०० मिलीच्या ग्लासांत करून बघा. ०.२ आवडला तर पूर्ण २० लिटरला मूळ ॲसिड फक्त ४ मिली लागेल. ॲसिड हाताला-डोळ्याला लागू देऊ नका, हातमोजे घाला. थोडं आंबट झालं की आहे तोच सालीचा वास एकदम लिंबासारखा वाटायला लागतो, हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय पटत नाही.

रस घालू नका. निदान बाटली भरताना तरी मुळीच नाही, हे सुरक्षिततेचं आहे. एक लिटर संत्र्याच्या रसात ८० ते १०० ग्रॅम साखर असते, २० लिटर विटला प्रायमिंगसाठी, म्हणजे बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून, आपण साधारण १२० ते १३० ग्रॅम साखर घालतो, म्हणजे रस घातला तर साखर जवळजवळ पावणेदोन पट झाली, आणि बाटल्या फुटू शकतात, काच उडते. साखरेत साल चोळून ठेवायची युक्तीही लोक करतात, छान आहे, पण मग ती साखर प्रायमिंगच्या हिशोबातच धरायची, वरून वेगळी नाही.

बाटलीत भरणं आणि ठेवणं

सालीची बिअर हवेला फार नाजूक असते. बाटली भरायची नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, उंचावरून धार सोडू नका, भरल्या भरल्या झाकण लावा. गॅस तयार व्हायला दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवाव्या लागतात, त्यानंतर फ्रिज. कपाटात, गॅरेजमध्ये उन्हाळाभर ठेवायच्या नाहीत. लिंबाच्या तेलात सिट्रल असतं, लिंबाचा ओळखीचा वास त्याचाच, आणि आंबट द्रवात, उष्णतेत ते मोडतं आणि उरतो तो केमिकलसारखा वास. संत्रं थोडं जास्त टिकतं. तरी दोन महिन्यांत संपवा, ही मुरवायची बिअर नाही, दिवाळीला केलेली गुढीपाडव्याला उघडायची असेल तर दुसरी कुठलीतरी करा.

तरी बिघडलीच तर ओळखायचं कसं

गिळल्यावर चार-पाच सेकंदांनी जिभेच्या मागे कडू येतं आणि गालाच्या आत कोरडं वाटतं, हे पांढऱ्या भागाचं. हॉप्सचा कडूपणा सहसा आधी येतो आणि तोंड तेवढं कोरडं करत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे उभ्या ठेवल्या तर तुरटपणा थोडा खाली बसतो, कडूपणा राहतो.

साबण, फरशी पुसायच्या लिक्विडचा वास: तेल जास्त, नाहीतर धणे. पण बिअर महिना-दीड महिना यीस्टच्या गाळावर पडून होती का तेही आठवा, मेलेल्या यीस्टमुळेही साबणासारखी चव येते आणि तेव्हा साल निर्दोष असते.

शिळा, पाइनसारखा, धुळीचा वास जो भरताना नव्हता आणि आता आहे: तेलाला हवा लागली. संत्र्याचा रस डब्यात महिनोन्महिने राहिला की त्यालाही जवळपास असाच वास येतो.

प्लास्टिक, बँडेज, दवाखान्याचा वास: हे सालीचं नाहीच, बहुतेक नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं आहे. अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरामीन घालतात आणि ते उकळून सहज जात नाही, २० लिटर पाण्याला पाव कॅम्पडन गोळी (होमब्रूवाले वापरतात ती सल्फाइटची गोळी) चुरून टाका, काही मिनिटांत काम होतं.

आंबट झाली आणि तुम्ही ॲसिड घातलं नव्हतं: जंतू शिरलेत. साल आंबट करू शकत नाही हे आता तुम्हाला माहितीये, त्यामुळे सफाईकडे वळा, नळ्या बदला, फर्मेंटरला आतून ओरखडे आहेत का बघा.

यातली साबणवाली आणि कडू झालेली, या दोनच थोड्याफार वाचवता येतात. बाटलीच्या झाकणाखालचं प्लास्टिक सालीचं तेल थोडं शोषून घेतं, त्यामुळे फ्रिजमध्ये महिनाभरात वास जरा उतरतो, पण त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा बिनसालीची साधी गव्हाची बिअर करा, आणि पिताना ग्लासात दोन्ही मिसळा. आधी अर्धी-अर्धी, मग साधी दोन भाग आणि सालीची एक भाग. कडू झालेलीलाही हाच उपाय, फक्त साधीचे भाग वाढवत न्यायचे, तीन, चार, जिथे जमेल तिथे थांबायचं आणि तो आकडा पुढच्या बॅचच्या वहीत सालीच्या ग्रॅमशेजारी लिहून ठेवायचा.